मेसचा डबा, रोजचे ५० रुपये आणि ७८ सेंटिमीटरची छाती

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २२, उंची १७०, वजन ५३. घर लातूर जिल्ह्यात, सध्या पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर, पोलीस भरतीची तयारी. दोन वेळची मेस लावलेली आहे आणि ती सोडून खाण्यासाठी महिन्याला १५०० रुपये निघतात. तीन महिने झाले, ग्राउंड आणि जिम दोन्ही चालू आहे तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही. छाती न फुगवता ७८ भरते, भरतीला ७९ लागते. जिममधला दादा म्हणतो गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा डबा घे, रूममेट म्हणतो बदाम खा. आणि वैतागून शेवटी लिहिलंयस, "गरिबाने बॉडी बनवायचीच नाही का?" त्याच्याही खाली घाईघाईत डिंकाच्या लाडवांबद्दल विचारलंयस, त्याच्याकडे शेवटी येते.

मी आहारतज्ज्ञ आहे. १८ वर्षं झाली, माझा दवाखाना अभ्यासिकांच्या गल्लीत आहे, त्यामुळे तुझ्यासारखी पोरं माझ्याकडे सतत येतात. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

आधी माझीच एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत असाच एक भरतीवाला मुलगा आला होता. मी त्याला कॉलेजात शिकले होते तसा सुंदर तक्ता करून दिला: सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी पनीर, संध्याकाळी फळांची वाटी, रात्री दूध. तो पुन्हा आलाच नाही. त्याच्यासोबत राहणारा एक जण वर्षभराने आला, तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या कागदावरचं महिन्याचं सामान आमच्या खोलीभाड्यापेक्षा जास्त होत होतं. त्याने तो कागद गणिताच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवला होता." तेव्हापासून मी कुणालाही तक्ता देण्याआधी दोन गोष्टी विचारते. मेसमध्ये ताटात नेमकं काय पडतं, आणि खोलीत काय शिजवता येतं. तू दुसऱ्याबद्दल काही लिहिलं नाहीस, म्हणून गृहीत धरते की गॅस नाही, हॉटप्लेटला मालक ओरडतो, पण इलेक्ट्रिक किटली आहे. बहुतेक खोल्यांत एवढीच असते.

आता मेसच्या ताटाचा हिशोब. दोन्ही वेळा मिळून ७ पोळ्या धरू. मेसच्या एका पोळीत ३० ग्रॅमच्या आसपास कणीक असते, त्यातून साधारण ३ ग्रॅम प्रथिनं येतात. म्हणजे पोळ्यांचे २१. दोन वेळच्या भाताचे ८-९. आमटी किंवा वरण, तेही मेसचं, ज्यात डाळ वाटीच्या तळाशी शोधावी लागते, दोन्ही वेळचे मिळून ७-८ धर. सुकी भाजी बटाट्याची असेल तर दोनेक, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ असेल त्या दिवशी पाच-सहा. सकाळच्या पोह्यांचे आणि चहातल्या दुधाचे पाच-सहा. एकूण ४५ ग्रॅम, फार तर ५०. नुसतं बसून अभ्यास करणाऱ्याला ५३ किलो वजनाला हे पुरतं. व्यायाम करून स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे दीड ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे तुला ८० ते ८५. तूट ३५ ते ४० ग्रॅमची आहे. लोक २०० ग्रॅम प्रथिनांच्या गोष्टी करतात त्या तुझ्या कामाच्या नाहीत. त्या १०० किलोच्या माणसासाठीही जास्तच असतात.

ही तूट बऱ्याच जणांना मान्य असते. दुसरी एक तूट कुणाच्या लक्षात येत नाही आणि माझ्या मते तुझा काटा तिथे अडकलाय. तू लिहिलंयस की रोज सकाळी आठ किलोमीटर पळतोस, आठवड्यातून सहा दिवस. पळताना किलोमीटरला आपल्या वजनाच्या किलोइतक्या कॅलरी जातात असा ढोबळ हिशोब असतो. म्हणजे तुझ्या रोजच्या पळण्यात ४०० हून जास्त कॅलरी गेल्या. चार पोळ्या! मेसमध्ये तू त्या चार पोळ्या जास्त खातोस का? नाही. उलट पळून आल्यावर तासभर भूक लागत नाही, मग अभ्यासिकेत जायची घाई, मग चहा. तुझ्या उंचीच्या, वयाच्या आणि एवढ्या हालचालीच्या मुलाला वजन आहे तेवढंच टिकवायला साधारण २५०० कॅलरी लागतात. मेस, पोहे, चहा आणि संध्याकाळचा एखादा वडापाव मिळून २२०० च्या पुढे तू क्वचित जात असशील. तीन महिन्यांत वजन घटलं नाही, हेच मला जास्त वाटतंय. जिममध्ये बांधायला काढलेली भिंत ग्राउंडवरच्या चुलीत जळण म्हणून जातेय.

म्हणून पळणं सोड असं म्हणत नाही. भरतीत सोळाशे मीटर धावण्याला २० गुण आहेत, ते कोण सोडेल? पण सहा दिवस लांब पळून सोळाशेची वेळ सुधारत नाही. चार दिवस पळ, त्यातले दोन दिवस कमी अंतराचे आणि जोराचे. बाकीचं तुझ्या ग्राउंडच्या सरांना विचार. ते माझं क्षेत्र नाही, आणि त्यांच्या कामात मी नाक खुपसलं की ते चिडतात.

पैशांवर येण्याआधी एक विचारते. तुझ्या त्या १५०० मध्ये चहा धरलाय का? अभ्यासिकेखालच्या टपरीवर दिवसाला पाच चहा, त्यातल्या दोनांबरोबर क्रीमरोल किंवा बिस्किटपुडा, असा माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हिशोब निघतो आणि तो कुणाच्याच बजेटमध्ये लिहिलेला नसतो. दहाचा चहा धरला तरी दिवसाला ५० रुपये झाले. म्हणजे आणखी एक १५०० रुपये तू आधीच खर्च करतोयस, फक्त त्याला 'खाणं' म्हणत नाहीस. चहा बंद कर असं मी सांगणार नाही, टपरीवरच्या गप्पांशिवाय भरतीची तयारी होत नाही हे मला माहीत आहे. पण पाचाचे दोन झाले तर दिवसाचे ३० रुपये सुटतात आणि भूकही परत येते. चहाने भूक मरते, आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहाने जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. सुटलेले ते पैसे वेगळे ठेव. पुढचा हिशोब मी तुझ्या १५०० मध्येच करून दाखवते, म्हणजे चहा सुटला नाही तरी अडणार नाही.

स्वस्त-महाग ठरवायची माझी पद्धत अशी: किलोचा भाव बघायचा नाही, १० ग्रॅम प्रथिनं किती रुपयांना पडली ते बघायचं. भाव गल्लीगणिक बदलतात, तू तुझ्या दुकानाचे घालून बघ. माझ्या इथले धरले तर सोयाबीन वड्या सगळ्यांत खाली, १० ग्रॅमला तीन रुपयांच्या आत. शेंगदाणे आणि फुटाणे सहाच्या आसपास. अंडी बारा रुपये. दूध आणि हाडासकट चिकन दोन्ही अठराच्या घरात. पनीर वीसच्या वर. जिममध्ये मिळणारी व्हे पावडर तीस. आणि बदाम चाळीसच्याही पुढे. शेंगदाण्यात बदामापेक्षा प्रथिनं थोडी जास्तच असतात, हे रूममेटला सांग. बदाम वाईट नाही, पण तुझ्या कामाला त्याचा भाव परवडणारा नाही.

गेनरचा विषय इथेच संपवते. डबा उलटा करून मागचं वाच. बहुतेक गेनरमध्ये मोठा वाटा माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो, म्हणजे मक्यासारख्या पिठापासून काढलेली, चटकन साखर होणारी भुकटी. त्यात थोडं प्रथिन आणि चॉकलेटचा वास. कॅलरीच हव्या असतील तर केळं आणि गूळ-शेंगदाणे तेच काम करतात. व्हे पावडर ही खरी वस्तू आहे, दुधातलंच प्रथिन आहे, पण ती सोय म्हणून घ्यायची. ज्याला वेळ नाही आणि पैसा आहे त्याच्यासाठी. तुझ्याकडे उलटं आहे.

तर १५०० म्हणजे रोजचे ५०. त्यातून मी हे घेईन. तीन अंडी, २१ रुपये. सोयाबीन वड्या कोरड्या ३० ग्रॅम, चार रुपये. शेंगदाणे ५० ग्रॅम म्हणजे मोठी मूठभर, सात रुपये. दोन केळी, दहा रुपये. गुळाचा खडा, रुपया. झाले ४३. यातून प्रथिनं येतात ४५ ग्रॅमच्या वर आणि कॅलरी ८०० हून अधिक. मेसचे ४५ धरून तू ९० ला पोचलास. पाच-सहा ग्रॅम जास्त ठेवलेत, कारण मेसच्या आमटीवर माझा विश्वास नाही. रोजचे ७ रुपये उरतात, महिन्याचे २१०, ते रविवारसाठी ठेवलेत.

आता खायचं कधी आणि कसं, कारण खरी गाडी इथेच अडते. पहाटे ग्राउंडला जाताना एक केळं, किंवा गुळाचा खडा आणि थोडे दाणे. उपाशीपोटी पळण्यात मर्दुमकी काही नाही. परत आल्यावर आंघोळीआधी किटलीत अंडी टाक, पाणी उकळून किटली बंद झाली की झाकण तसंच ठेवून १५ मिनिटं सोड. आंघोळ होईपर्यंत उकडलेली असतात. पिवळा बलक फेकू नको. भरतीच्या पोरांनी ही एक फॅशन काढली आहे. अंड्यातल्या प्रथिनांचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा त्या बलकात असतो, शिवाय जीवनसत्त्वं तिथेच. आणि ग्लासात कच्ची फोडून नाकाला चिमटा लावून पिण्याचा पराक्रम तर अजिबात नको. शिजवलेल्या अंड्यातलं प्रथिन ९० टक्क्यांपर्यंत पचतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. तीन कच्ची प्यायलास तर पैसे तिन्हींचे दिलेस आणि अंगी लागली दीड, वर पोट बिघडण्याची जोखीम वेगळी.

अंडी ट्रेने घेतली तर स्वस्त पडतात. खोलीतल्या चौघांत एक ट्रे घ्या, उन्हाळ्यात तर नक्कीच, नाहीतर ३० अंडी तुझ्या एकट्याच्या कॉटखाली दहा दिवस तापत बसतील. श्रावणात भाव उतरतो, थंडीत चढतो. चढला की दोन अंडी कर आणि एका अंड्याच्या जागी फुटाणे घे. घरी श्रावण पाळत असाल तर तो महिना वड्या थोड्या वाढवून आणि पाव लिटर दूध घेऊन निघतो, काही बिघडत नाही.

दुपारी मेसला जाताना वड्या. यावर जरा थांबते, कारण तुझ्या घरची गोष्ट आहे. लातूरची बाजारपेठ सोयाबीनची. तुझ्या घरीही दोन-चार एकर असेलच. सरकारचा हमीभाव २०२४-२५ साली क्विंटलला ४८९२ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नासच्या आत. तेच सोयाबीन कारखान्यात जातं, तेल काढून घेतात, उरलेल्या पिठाच्या वड्या होतात आणि तुझ्या कॉटजवळच्या दुकानात किलोला सव्वाशे-दीडशेला येतात. तरीही ते तुझ्या गल्लीतलं सगळ्यांत स्वस्त प्रथिन आहे. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमहून जास्त! तेल निघून गेल्यामुळे जे उरतं ते बहुतेक प्रथिनच. ज्या घरात पोती भरून सोयाबीन निघतं त्या घरातली पोरं पुण्यात येऊन गेनर विकत घेतात, हे बघितलं की माझ्या जिवाला लागतं.

वड्या कशा खायच्या? सुट्ट्या घे, पाकिटातल्या नको, बारीक घे, मोठ्या भिजायला वेळ लागतो. स्टीलच्या डब्यात वड्या, वर किटलीतलं उकळतं पाणी, चमचाभर मीठ, झाकण, २० मिनिटं. मग घट्ट पिळायच्या, पुन्हा गरम पाणी, पुन्हा पिळायच्या. तो कच्चा वास पिळण्यातच जातो, पोरं एकदा पिळून नाक मुरडतात. असा डबा मेसमध्ये घेऊन जा आणि रश्श्यात टाक. मेसच्या काकूंना सांगून ठेव, पहिले दोन दिवस हसतील, नंतर स्वतःच विचारतील. रस्सा नसेल त्या दिवशी कांदा, तिखट, लिंबू. पहिल्या आठवड्यात १५ ग्रॅमच घे. एकदम ३० घेतलेस तर पोटात गॅस धरेल आणि अभ्यासिकेतले शेजारी जागा बदलतील.

सोयाबीनने पुरुषपणावर परिणाम होतो, छाती बायकांसारखी होते, हे तुझ्या कानावर आलं असेलच. दिवसाला ३० ग्रॅम वड्यांनी असलं काही होत नाही. पुरुषांवर यासाठी पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि नेहमीच्या प्रमाणात टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळलेला नाही. फक्त घरचं अख्खं सोयाबीन कच्चं किंवा अर्धवट भाजून खाऊ नको, त्यात पचनाला अडवणारे घटक असतात, ते नीट शिजवल्यावरच मोडतात.

संध्याकाळी पाच-सहाला, जिमच्या आधी की नंतर याने फार फरक पडत नाही, शेंगदाणे, गूळ आणि दुसरं केळं. ही वेळ आजवर वडापावची होती. दाणे आधीच आठवड्याचे पुड्या करून ठेव, नाहीतर पिशवी समोर घेऊन बसलास की किलो चार दिवसांत संपतो. बुरशी लागलेला, कडवट दाणा थुंकून टाकायचा, तो विषारी असू शकतो. कंटाळा आला की फुटाणे आण, सालीसकटचे. भिजवलेली मटकी किंवा हरभरे चालतात का, हे प्रत्येक जण विचारतो. चालतात, चांगले असतात, पण मोड आले म्हणून प्रथिनं वाढत नाहीत. पाण्याने वजन वाढतं, त्यामुळे वाटीभर मोडांत सात-आठ ग्रॅमच असतात. घरी वाटीभर मोड खाऊन कुणी पैलवान झालेला मी बघितला नाही.

पैलवानांवरून आठवलं. माझे वडील सांगली जिल्ह्यात तालमीत वाढले. खुराक म्हणजे बदाम-खसखशीची थंडाई, तूप, दूध, हे त्यांच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही, आणि तुझ्या रूममेटच्या डोक्यातही तेच आहे. पण तो खुराक पहाटेपासून हजार-हजार जोर-बैठका मारून वर दोन वेळा लढती धरणाऱ्यांचा होता, आणि त्याचा खर्च कुठे गाव उचलायचं, कुठे संस्थान. दीड तास जिम करणाऱ्याने तेवढं तूप खाल्लं तर पोट सुटेल. आणि तुला ५३ किलोची लाज वाटते असं तुझ्या लिहिण्यातून जाणवलं, म्हणून सांगते: खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला ५२ किलोच्या गटात उतरले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात कांस्यपदक आणलं. तुझ्या आसपासचीच वजनं आहेत ही. तुला भरतीसाठी ५७-५८ पुरे आहे, ७० किलोचं चित्र डोक्यातून काढ. वजन फार वाढलं तर सोळाशेत तेच अंगावर येईल.

आता रविवार. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद. पोरं दुपारी गुलाबजाम मोजून खातात आणि रात्री मॅगीवर झोपतात. आठवड्याचं एक जेवण असंच जातं, महिन्याची चार. उरलेले २१० रुपये त्यासाठी. चौघांनी वर्गणी काढून एक किलो चिकन, ज्याच्याकडे शेगडी आहे त्याच्या खोलीत. किंवा अंडाभुर्जी आणि पाव. मालवणकडचा कुणी खोलीत असेल तर त्याच्या घरच्या सुकटीवर नजर ठेव. सुक्या मासळीत प्रथिनं ठासून भरलेली असतात आणि मूठभर पुरते. वासाचं काय ते तुम्ही आपसांत बघा. मेसला खाडा धरायची सोय असेल तर गावी जाताना आधी सांगून धर, ते पैसे तुझेच आहेत.

मेसमध्ये पोळ्या अमर्याद असतील तर हा हिशोब अजून सोपा होतो, दोन्ही वेळा एकेक वाढव. मोजून मिळत असतील तर भात घे, भाताला कमी लेखू नको. वरण-भात किंवा भाकरी-आमटी हे जोडीने प्रथिन म्हणून चांगलंच बसतं: धान्यात जे कमी ते डाळीत असतं आणि डाळीत कमी ते धान्यात. एकाच घासात दोन्ही हवेत असंही नाही, दिवसभरात आले की झालं. फक्त वरण वरवरचं घेऊ नको, डाव तळातून फिरवून घ्यायला सांग. वाढणाऱ्या मावशींना नावाने हाक मारणाऱ्या पोराच्या वाटीत डाळ जास्त पडते, हे मी अनुभवाने सांगते.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. दूध पचत नसेल, मूतखड्याचा किंवा किडनीचा त्रास असेल, घरात कुणाला असेल, तर हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेट. आणि हे सगळं दोन महिने नीट करूनही काटा हलला नाही, किंवा वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, खोकला हटत नाही, तहान आणि लघवी फार वाढली आहे, यातलं काही असेल तर खाणं वाढवत बसू नको, सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त आणि थुंकी तपासून घे. माझ्याकडे एक मुलगा चार महिने येत होता, मी दर वेळी त्याच्या ताटात भर घालत होते. त्याला क्षय निघाला. आता मी पहिल्याच भेटीत खोकल्याचं विचारते.

छातीचं. ७८ ची ७९ होणं अवघड नाही, पण नुसत्या बेंच प्रेसने होत नाही. टेप पाठीवरूनही फिरते, आणि पाठीचे स्नायू तुझ्या वयात लवकर भरतात. म्हणून पुलअप्स, जोर, वजन ओढण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस, आणि दर आठवड्याला एखादी रेप, म्हणजे उचलण्याची एखादी खेप, किंवा थोडं वजन वाढलं पाहिजे. तेच डंबेल तीन महिने तितक्याच वेळा उचलत असशील, तर शरीराला वाढायचं कारणच काय? फुगवून आणखी पाच सेंटिमीटर लागतात, तो सरावाचा भाग आहे, रोज दहा-बारा दीर्घ श्वास टेप लावून. गोळाफेकीलाही याच पाठीचा उपयोग होतो. झोप सात तास. सहा जणांच्या खोलीत दिवा रात्री दोनपर्यंत चालू असतो हे माहीत आहे, डोळ्यांवर पंचा टाक.

वजन आठवड्यातून एकदाच करायचं, एकाच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर. महिन्याला किलोभर वाढलं तर उत्तम, पहिल्या महिन्यात दीड दिसेल, त्यातलं काही पाणी आणि पोटातलं अन्न असतं. महिन्याला अर्ध्या किलोपेक्षा कमी असेल तर एक केळं आणि वीस ग्रॅम दाणे वाढव, बाकी काही बदलू नको. दर आठवड्याला नवीन काहीतरी सुरू करणाऱ्यांचं वजन वाढलेलं मी बघितलेलं नाही, कारण काय लागू पडतंय हे त्यांनाच कळत नाही.

राहिले डिंकाचे लाडू. तू लिहिलंयस की आई दर महिन्याला ट्रॅव्हल्सने डबा पाठवते, पण त्यात तूप असल्यामुळे चरबी वाढेल म्हणून तू ते खोलीत वाटून टाकतोस. अरे, वजन नुसतं टिकवायलाच तुला ३०० कॅलरी कमी पडताहेत आणि तू आईने पाठवलेल्या कॅलरी वाटतोयस! डिंकात प्रथिनं नाहीत, ताकद वगैरे जे म्हणतात ते मी म्हणणार नाही, पण खोबरं, खारीक, तूप, गूळ हे सगळं तुझ्याच तुटीत बसतं. रोज एक, पळून आल्यावर अंड्यांबरोबर. त्या दिवशीचं एक केळं वगळ, पाच रुपये वाचले. आणि आईला पुढच्या फोनवर सांग, निम्मे लाडू शेंगदाण्याचे कर, आणि डब्याबरोबर गावच्या दुकानातून वड्या दोन किलो पाठव. तिथे इथल्यापेक्षा स्वस्त मिळतील.